साठ दिवसांचा जोरकस व्यायाम : करावा की थांबावं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं सविस्तर करून.)

गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, की हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ असतो. एक बाई उड्या मारते, जमिनीवर पालथी होते, पुन्हा उठून उडी मारते. खाली लिहिलेलं असतं, ‘घरच्या घरी, काही सामान न लागता, साठ दिवसांत शरीर बदला.’ मग कुणी म्हणतं, आपण सगळ्याजणी मिळून करूया. कुणी म्हणतं, दिवसभर रानात वाकतोच की, अजून काय व्यायाम करायचा? आणि कोपऱ्यात बसलेली एखादी हळूच विचारते, ‘मला झेपेल का गं?’

आज आपण त्या हळू आवाजातल्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. करा किंवा करू नका, असं एका वाक्यात सांगून आम्ही मोकळ्या होणार नाही. कारण हे दोन्ही खरं असू शकतं. एकीला त्याचा फायदा होईल आणि तिच्या शेजारणीला त्याच व्यायामानं चक्कर येईल. ठरवायचं कसं, ते नीट समजून घेऊया.

हा व्यायाम असतो तरी काय?

असे कार्यक्रम आजचे नाहीत. अमेरिकेत २००९ साली ‘इन्सॅनिटी’ नावाचा एक कार्यक्रम डीव्हीडीवर निघाला. नावाचा अर्थच मुळी वेडेपणा! शॉन टी नावाचे प्रशिक्षक तो शिकवायचे. साठ दिवस, आठवड्यातले सहा दिवस. पहिल्या महिन्यात रोज साधारण चाळीस मिनिटं, दुसऱ्या महिन्यात त्याहून जास्त, जवळजवळ तास. वजनं नाहीत, यंत्रं नाहीत, फक्त स्वतःचं शरीर. तीन मिनिटं जीव तोडून उड्या, धावणं, जोर, आणि मध्ये जेमतेम अर्धा मिनिट विसावा. आज मोबाईलवर जे दिसतं, त्यातलं बरंच याच धाटणीचं आहे.

दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल, ‘ताबाता’. हे जपानच्या एका संशोधकाचं आडनाव. १९९६ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. म्हणजे सगळं मिळून चार मिनिटांच्या आसपास. सहा आठवड्यांत दम चांगला वाढला, असं त्यात दिसलं. पण हा अभ्यास तरुण, तंदुरुस्त पुरुष विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि तोही एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर. त्यात एकही उडी नव्हती. तीन बाळंतपणं झालेल्या, रक्त कमी असलेल्या, शहाबादी फरशीवर अनवाणी उड्या मारणाऱ्या बाईवर तो झालेला नव्हता. नाव तेच राहिलं, माणूस मात्र बदलला. म्हणून व्हिडिओत ‘शास्त्रानं सिद्ध झालेलं’ असं म्हटलं, की आपण विचारायचं, कुणावर सिद्ध झालं?

याचा अर्थ जोराचा व्यायाम वाईट, असं मुळीच नाही. जोरानं व्यायाम केला की हृदय भरभर चालतं, धाप लागते, आणि हळूहळू हृदयाला तेवढ्याच कामासाठी कमी कष्ट पडू लागतात. रक्तातली साखर स्नायू वापरून टाकतात. हाडांवर भार आला की हाडं घट्ट होतात, आणि पाळी जायच्या वयात हे फार मोलाचं असतं. वेळही कमी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम.

मध्यम कोणता आणि जोराचा कोणता, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तो जोराचा.

आता हिशोब करा. सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं, म्हणजे आठवड्याला २४० मिनिटं जोराचा व्यायाम. तब्येत चांगली राहायला जेवढा पुरतो, त्याच्या कितीतरी पुढे. ज्याला आवड आहे आणि ज्याचं शरीर तयार आहे, त्यानं जरूर करावा. पण ‘हे नाही केलं तर माझं काहीच होणार नाही’ हा धाक मनातून काढून टाका. रोज अर्धा तास झपझप चालणारी बाई कुणापेक्षा मागे नाही.

रानातलं काम म्हणजे व्यायाम नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. खुरपणी, भांगलण, उसाची मोळी डोक्यावर घेणं, विहिरीवरून हंडा आणणं, या सगळ्यात शरीराची ताकद लागते. ज्या दिवशी सहा-आठ तास रानात राबून आलात, त्या दिवशी तुमचं शरीर बसून राहिलेलं नाही. त्यावर रात्री आणखी चाळीस मिनिटं उड्या मारायची गरज नाही. त्या दिवशी शरीराला हवी असते ती झोप आणि जेवण.

पण कामात आणि व्यायामात फरक आहे. काम एकाच बाजूनं होतं. खुरपताना कंबर तासन् तास पुढे वाकलेली, गुडघे मुडपलेले, एकच हात चाललेला. तेच स्नायू पुन्हा पुन्हा थकतात आणि बाकीचे तसेच राहतात. पाठ मागे वाकवणं, खांदे मोकळे करणं, पोटाच्या आतल्या स्नायूंना ताकद देणं, हे कामात होत नाही. शिवाय दुखलं म्हणून काम थांबवता येत नाही. व्यायाम थांबवता येतो, आणि तो तसाच करायचा असतो. म्हणून राबणाऱ्या बाईला हवा तो वेगळा व्यायाम. कंबर सरळ करणारा, ताकद देणारा, हळू चालणारा.

दुसरीकडे, आपल्यातल्या सगळ्याच आता रानात नाहीत. कुणी शिलाई मशीनवर दिवसभर बसतात, कुणी दुकानात, कुणी अंगणवाडीत. जात्याची जागा गिरणीनं घेतली, दारात नळ आला, शेजारच्या गावाला जायला गाडी आली. बरं झालं, त्या कष्टांची आठवणही नको. पण शरीराचं हलणं कमी झालं. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आढळलं. हा आजार आता फक्त शहराचा राहिलेला नाही. बसून काम करणाऱ्या मैत्रिणीला व्यायाम हवाच. फक्त पहिली पायरी उडीची नसावी.

‘पंधरा दिवसांत दहा किलो’ : हिशोब मांडून बघू

गटातल्या बायकांना हिशोब शिकवायची गरज नाही. चला, याचाही मांडू.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी इतकी साठवलेली ऊर्जा. ५५ किलो वजनाच्या बाईनं पाऊण तास जोराचा व्यायाम केला, तर सुमारे ३३० कॅलरी खर्च होतात. १०० ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीतून जवळपास तेवढीच ऊर्जा मिळते. म्हणजे पाऊण तासाचा घाम बरोबर एक भाकरी!

साठ दिवसांत आठवड्याला सहा दिवस धरले तर ५१ दिवस व्यायाम होतो. ५१ गुणिले ३३० म्हणजे सुमारे १६,८०० कॅलरी. जेवण तेवढंच ठेवलं तर उतरेल फार तर दोन-सव्वादोन किलो चरबी. पंधरा दिवसांत दहा किलो चरबी उतरवायची, तर रोज ५,००० पेक्षा जास्त कॅलरी जाळाव्या लागतील. रोज पंधरा भाकऱ्यांएवढी! हे होत नाही. ज्यांचं वजन इतकं झपाट्यानं उतरलेलं दिसतं, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, काही वेळा स्नायूंचा. पाणी प्यायलं, नीट जेवलं, की ते परत येतं. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, एवढं उतरणं शरीराला सोसतं.

म्हणून वजनकाट्याकडे कमी बघा. टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं डॉक्टर सांगतात. व्यायामानं वजन फारसं न हलताही हा घेर कमी होऊ शकतो. आणि जिचा घेर आधीच आत आहे, पण नवरा किंवा जाऊबाई ‘जाड झालीस’ म्हणतात म्हणून जी साठ दिवस स्वतःला पिळून काढायला निघाली आहे, तिनं एकदा थांबून बघावं, की दुखणं नक्की कुठलं आहे. लग्न ठरलेल्या मुलींना तर आम्ही मुद्दाम सांगतो, हळदीच्या दिवशी बारीक दिसण्यासाठी उपाशी राहून उड्या मारू नका. त्या शरीराला पुढे सगळं आयुष्य काढायचं आहे.

आधी रक्त बघा

आमच्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, म्हणून इथं जरा थांबू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. वीस जणींचा गट असेल, तर त्यातल्या दहा-अकरा जणी अशा असू शकतात, आणि त्यांना ते माहीतही नसेल. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांसमोर अंधारी येते, छाती धडधडते, नखं पांढुरकी दिसतात. आपण म्हणतो, ‘वयच झालं’ किंवा ‘आळस आला.’ तो आळस नसतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवतं. जोराच्या व्यायामात स्नायू एकदम जास्त प्राणवायू मागतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर हृदयाला तेवढ्याच कामासाठी दुप्पट पळापळ करावी लागते. मग चक्कर येते, पडायला होतं. आणि ती बाई स्वतःलाच दोष देते, की बाकीच्यांना जमलं, मलाच जमत नाही.

उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात हिमोग्लोबिनची तपासणी होते. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा वर हवं. ११ ते १२ च्या मध्ये असेल तर चालणं आणि हलका व्यायाम सुरू करा, सोबत सिस्टरना विचारून लोहाच्या गोळ्या. ११ च्या खाली असेल तर जोराचा व्यायाम आत्ता नको, आधी उपचार. ८ च्या खाली असेल तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

लोहाची गोळी जेवणानंतर घ्या, जेवणात लिंबू पिळा, आणि चहा पुढे-मागे तासभर टाळा. चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळीनं शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा काळ चालण्यानं शरीर तयार करायचा. तो वाया जात नाही.

त्याच खेपेत रक्तदाब आणि साखरही बघून घ्या. तिशीनंतर ही तपासणी सरकारी केंद्रात करून मिळते. रक्तदाब १४० / ९० किंवा वर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी जोराचा व्यायाम करू नका. साखर एकदम उतरू शकते. जवळ साखर किंवा गोळ्या-बिस्किट ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.

स्वतःला विचारायचे प्रश्न

व्यायाम सुरू करण्याआधी विचारायच्या सात प्रश्नांची एक यादी कॅनडात तयार झाली आणि जगभर वापरली जाते. तिच्या आधारानं, आणि आपल्या बायकांच्या गरजा त्यात घालून, आम्ही ही यादी केली आहे. एकीनं वाचावी, बाकीच्यांनी मनात उत्तर द्यावं. सगळ्यांसमोर सांगायची सक्ती नको.

१. हृदयाचा आजार आहे, असं कधी डॉक्टरांनी सांगितलं आहे का?
२. काम करताना किंवा बसल्या-बसल्या छातीत दुखतं का?
३. चक्कर येऊन कधी तोल गेला किंवा शुद्ध हरपली आहे का?
४. गुडघा, कंबर, मान यांचं असं दुखणं आहे का, जे हालचालीनं वाढतं?
५. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का?
६. दिवस गेले आहेत का, किंवा बाळंतपण, सिझेरियन, पिशवीचं ऑपरेशन अलीकडे झालं आहे का?
७. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचा थेंब जातो का? किंवा अंग बाहेर येतंय असं वाटतं का?

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर जोराच्या व्यायामाआधी डॉक्टरांना विचारायचं. याचा अर्थ व्यायाम कायमचा बंद असा नाही. कोणता करायचा ते विचारून घ्यायचं.

सातव्या प्रश्नाबद्दल आपण कुठेच बोलत नाही, म्हणून रेडिओवर बोलतो. बाळंतपणात आणि जड ओझी उचलण्यानं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. हेच स्नायू लघवीची पिशवी आणि गर्भाशय जागेवर धरून ठेवतात. तळ सैल असताना उड्या मारल्या, तर दर उडीला वरून दणका बसतो आणि त्रास वाढतो. कितीतरी जणी यामुळेच व्यायाम अर्धवट सोडतात आणि कारण मात्र ‘वेळ नाही’ असं सांगतात. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि यावर साधा उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते बसल्या जागी आवळा, पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. दोन-तीन महिने नेमानं केलं की बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला, किंवा अंग खरंच बाहेर येत असेल, तर बायकांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर उडी बंद.

बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे फक्त चालणं आणि हा आवळण्याचा व्यायाम. उड्या आणि धावणं तीन महिन्यांच्या आत नकोच, आणि सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच.

जेवणाशिवाय व्यायाम म्हणजे पेरणी न करता कापणी

घरात सगळ्यात शेवटी जेवणारी कोण, हे आम्ही सांगायला नको. भांड्याच्या तळाची आमटी आणि उरलेली अर्धी भाकरी खाऊन जी साठ दिवस उड्या मारेल, तिचे स्नायू वाढणार नाहीत, झिजतील. पाळी पुढे-मागे होऊ लागली किंवा बंद झाली, केस गळू लागले, झोप लागेना, तर समजा की खर्च जमेपेक्षा जास्त झाला आहे.

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. महागडी पावडर लागत नाही. १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून २० ग्रॅमच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून सात, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीच्या उसळीतून सात, पेलाभर दुधातून सहा, एका अंड्यातून सहा. झाले पंचेचाळीस! अंडं खात नसाल तर हुलगे, हरभरे, डाळं वाढवा. कुणी डबा विकायला आलंच, तर त्यावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का ते बघा. आणि असला तरी विचारा, एवढ्या पैशात किती किलो शेंगदाणे येतील?

खरा प्रश्न पैशाचा नाही, ताटाचा आहे. व्यायाम करायचा ठरवलं, तर घरात आधी हे ठरवा, की माझं वरण आणि माझी भाकरी वेगळी काढून ठेवली जाईल. हे ज्या घरात ठरत नाही, तिथं साठ दिवसांचा कार्यक्रम सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उडीच्या आधीची बारा आठवड्यांची पायवाट

तपासणी ठीक आहे, मन आहे, तरीही पहिल्या दिवशी थेट साठ दिवसांच्या कार्यक्रमात उतरू नका. आधी शरीराला ओळख करून द्या.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून पाच दिवस २० ते ३० मिनिटं झपझप चाला. दोन दिवस ताकदीचा व्यायाम. ओट्यावरून किंवा खाटेवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर, दहा वेळा. पाठीवर झोपून, गुडघे मुडपून कंबर वर उचलायची, दहा वेळा. थोडं थांबून हेच पुन्हा एकदा.

पुढचे चार आठवडे : चालण्यात चढउतार आणा. एक मिनिट जितकं भरभर जमेल तितकं, मग दोन मिनिटं सावकाश. असं आठ वेळा केलं की २४ मिनिटं झाली. हाच जोराच्या व्यायामाचा गाभा, फक्त उडीशिवाय.

शेवटचे चार आठवडे : आठवड्यातून दोन दिवस व्हिडिओ लावा, पण १५ ते २० मिनिटं, आणि उडीच्या जागी पाऊल टाका. बाकीचे दिवस चालणं. जोराच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा सोडा.

बारा आठवड्यांनंतर बघा. अर्धा तास झपझप चालून बोलता येतं का? एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? छोटी उडी मारली तर लघवीचा थेंब जात नाही ना? दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत नाही ना? सगळं नीट असेल, तर मोठ्या कार्यक्रमाचा विचार करायला हरकत नाही. आणि कदाचित तोवर तुम्हालाच वाटेल, की हे जे चाललंय तेच पुरेसं आहे.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. कडक फरशीवर अनवाणी उड्या नकोत. बूट घाला, नाहीतर सतरंजी-चटईवर पाय न उचलता येणारे प्रकार करा. साडीचा काष्टा किंवा सलवार, जे पायात अडकणार नाही ते. आत घट्ट आधार देणारे कपडे. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात दुपारी व्यायाम करू नका, पहाट किंवा संध्याकाळ बरी. आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करा, शेवटी हळूहळू थांबा.

कधी लगेच थांबायचं?

नवीन व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी मांड्या, पोटऱ्या, दंड दुखणं साहजिक आहे. दोन्ही बाजूंना सारखं, जड-जड दुखतं आणि तीन-चार दिवसांत जातं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, एकाच बाजूला दुखलं, सूज आली, तर तो व्यायाम बंद करून दाखवायचं.

छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून थंड घाम, शुद्ध हरपणं, असं काही झालं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. आणखी एक खूण फार कमी जणींना ठाऊक असते. सवय नसताना अति व्यायाम केला, की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, अंग विलक्षण दुखतं, सुजतं. हे दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘घाम गाळल्याशिवाय काही मिळत नाही’ असं व्हिडिओतली बाई ओरडत असली, तरी तुमची लघवी तिला दिसत नाही.

गटानं ठरवताना

पैसे भरायचे असतील तर आधी फुकट मिळणारा एखादा भाग अर्ध्या वेळासाठी करून बघा. महिन्याची वर्गणी आपोआप खात्यातून कापली जाणार आहे का, ती बंद कशी करायची, हे पैसे भरण्याआधी बघा. गटाच्या निधीतून असा कार्यक्रम घेऊ नका. सगळ्यांना तो चालणार नाही, मग पैसे सगळ्यांचे कशाला? त्यापेक्षा सिस्टर आणि आशाताईंना बैठकीला बोलवा, एका दिवसात सगळ्यांचं हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तो आकडा जिचा तिच्याजवळ राहू द्या.

मग तीन टोळ्या करा. एक चालणारी, एक ताकदीची, आणि ज्यांची तयारी आहे त्यांची जोराची. कुणी कुणाशी स्पर्धा करायची नाही. रोजच्या व्यायामाला वहीत एक टिंब पुरे. पाळीच्या दिवसांत कुणाला करावंसं वाटलं तर करू द्या, नको वाटलं तर नको. कामाच्या सुगीत, ऊसतोडीत, काढणीत व्यायाम कमी झाला तर तो हरणं नव्हे. हंगाम संपला की पुन्हा सुरू.

आणि घरचे विचारतील, अर्धा तास कुठून आणणार? तो मागून घ्यावा लागतो. मुलगा भांडी विसळेल, नवरा दूध आणेल, सासूबाईंनाही हळूहळू सोबत चालायला नेता येईल. अर्धा तास स्वतःच्या शरीराला देणं हा लाड नाही. घरातल्या पंपाला तेल-पाणी लागतं, ते कुणी लाड म्हणत नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात व्हिडिओ लावायच्या आधी एवढंच करा. सात प्रश्नांची उत्तरं द्या, आणि उपकेंद्रात जाऊन बोटाच्या टोकाचं रक्त तपासून या. आकडा हातात आला, की करायचं की थांबायचं हे तुम्ही स्वतःच ठरवू शकाल. पुढच्या वेळी बोलू कंबरदुखीबद्दल, आणि खुरपणीला बसायच्या योग्य पद्धतीबद्दल. तुमच्या गटाचे प्रश्न केंद्रावर लिहून पाठवा. तब्येतीला जपा. नमस्कार.